दाढ चिरली आहे, काढू की ठेवू?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी, अमळनेरजवळच्या गावी गेले होते. वरण-बट्टी खाताना बट्टीचा कडक तळलेला काठ दाढेखाली आला आणि कट्कन आवाज झाला. बघते तर खालच्या उजव्या दाढेचा जिभेकडचा तुकडा हातात. त्या दाढेत लग्नाआधी भरलेली चांदी आहे, ती अजून जागेवर आहे. एरवी दुखत नाही. माठातलं पाणी लागलं की झिणझिणतं, पण लगेच थांबतं. भाकरी चावून दात वर उचलला की मात्र मस्तकात कळ जाते. एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, काढा, स्क्रूचा दात बसवू. दुसरे म्हणाले, रूट कॅनॉल करून कॅप बसवा. सासूबाई म्हणतात, "काढी टाक ती दाढ," आणि तोवर मिसरी लाव. मुलाची फी भरायची आहे, कापसाचे पैसे दिवाळीशिवाय हातात येत नाहीत. तोपर्यंत थांबलं तर चालेल का? वय ४४, शुगर नाही.

ता. क. त्याच दिवशी माझा नऊ वर्षांचा भाचा झोक्यावरून पडला आणि त्याच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. तुकडा वहिनीने कागदात बांधून ठेवला आहे. त्याचं काही होतं का?

— एक वाचक, पारोळा तालुका

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. "दात वर उचलला की मस्तकात कळ जाते." पेशंट बहुतेक वेळा नुसतं "चावताना दुखतं" एवढंच सांगतात. तुम्ही दाबताना आणि सोडताना यातला फरक पकडलात, आणि तुमच्या दाढेबद्दलची निम्मी माहिती तिथेच मिळाली.

दाढ चिरलेली असली की घास दाबताना चिरेच्या दोन्ही बाजू किंचित फाकतात आणि दाब सुटला की पुन्हा मिटतात. दाताच्या पांढऱ्या कवचाखाली जो पिवळसर थर असतो त्यात अतिबारीक नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. चीर फाकते-मिटते तसा तो द्रव झटकन हलतो आणि आतल्या नसेला चिमटा बसतो. म्हणून कळ क्षणभराची, पण मस्तकात जाणारी. याचा अर्थ असा की तुटलेला तुकडा हातात आला असला, तरी उरलेल्या दाढेतही एखादी चीर असण्याची बरीच शक्यता आहे. तुटला तो तुकडा गेला. आता ही चीर कुठवर गेली आहे हे बघायचं आहे.

आणि ती एक्स-रेमध्ये दिसत नाही. दाढेतल्या चिरा बहुतेक पुढून मागे जातात, एक्स-रेचा किरण गालाकडून जिभेकडे जातो, त्यामुळे केसाएवढी रेघ त्या चित्रात उमटतच नाही. हे मी पुस्तकात शिकले होते, तरी मला ते कळलं दवाखान्याच्या दुसऱ्या वर्षी. रावेरकडचा एक केळीच्या गाड्या भरणारा माणूस आला होता, तुमच्यासारखीच तक्रार घेऊन. एक्स-रे स्वच्छ. मी त्याला सांगितलं, दाढेला काही झालेलं नाही, गोळी घ्या. चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा दाढेचे दोन भाग झाले होते. सळईचं टोक मध्ये घातलं की एक भाग इकडे, एक तिकडे हलायचा. ती दाढ काढावी लागली. पहिल्याच दिवशी बांधली असती तर ती आजही त्याच्या तोंडात असती असं मला वाटतं. तेव्हापासून "सोडताना कळ येते" असं कुणी म्हटलं की मी एक्स-रेवर थांबत नाही.

मग काय करते, ते सांगते, म्हणजे तुमच्याही डॉक्टरांकडे तुम्हाला ते मागता येईल. आधी चावायची एक छोटी प्लॅस्टिकची काडी असते, ती दाढेच्या एकेका उंचवट्यावर ठेवून पेशंटला दाबायला आणि सोडायला सांगायचं. ज्या उंचवट्यावर सोडताना डोळे मिटले जातात, चीर त्याच्या बुडाशी. मग जुनी चांदी काढायची. हे महत्त्वाचं आहे, कारण चीर बहुधा तिच्याखाली लपलेली असते. खड्डा स्वच्छ केला की त्यात निळ्या रंगाचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबून धुवायचा. सगळा रंग निघून जातो आणि तळाशी एक निळी रेघ राहते. भिंगातून पाहिलं तर सुकलेल्या विहिरीच्या गाळाला भेग पडावी तशी दिसते. ती एका कडेपाशी थांबली आहे, की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली आहे, की तळातून खाली मुळांकडे उतरली आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. शेवटी बोथट सळईने दाढेच्या भोवती हिरडीची खोली मोजायची. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी सळई अचानक खोल उतरली, तर चीर मुळात गेली आहे असं समजायचं.

एवढं न करता "काढा" म्हणणं मला पटत नाही. आणि एवढं न करता "रूट कॅनॉल" म्हणणंही.

कारण तुमच्या पत्रावरून तरी तुमच्या दाढेची नस जिवंत आणि बऱ्या अवस्थेत दिसते. गार पाण्याने झिणझिणतं आणि लगेच थांबतं, हे चांगलं लक्षण आहे. नस कायमची बिघडली की गारव्याची कळ पाच-दहा मिनिटं रेंगाळते, गरम चहाने वाढते, रात्री झोपेतून उठवते, काही न खाता आपोआप ठणकते. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तेव्हा दोन डॉक्टरांच्या दोन सल्ल्यांपलीकडे तिसरा रस्ता आहे: नसेला हात न लावता दाढ बांधून घ्यायची.

बांधायची म्हणजे काय, ते नीट सांगते. हात मोडला तर प्लास्टर घालतो आणि दीड-दोन महिन्यांत हाड जुळतं. दात तसा जुळत नाही. कवच घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपून जातात. तुमची ही दाढ बहुधा सहाव्या वर्षी आलेली, म्हणजे अडतीस वर्षं तुमच्याबरोबर आहे, आणि त्या अडतीस वर्षांत तिचं कवच स्वतःहून कधीच भरून आलेलं नाही, पुढेही येणार नाही. तेव्हा चीर मिटवायची नसते, ती वाढू द्यायची नसते. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात ना? लाकूड तडकलं तरी धाव त्याला फाकू देत नाही. कॅप हीच दाढेची धाव. चारी बाजूंनी आवळून धरते, वरचा दाब सगळीकडे सारखा वाटते, मग चीर उघडत नाही आणि कळही येत नाही. दाढेची भिंत पुरेशी उरली असेल तर पूर्ण कॅपऐवजी फक्त वरचे उंचवटे झाकणारं अर्धं झाकणही चालतं, त्याला ऑनले म्हणतात. नुसतं सिमेंट किंवा पांढरं मटेरियल खड्ड्यात भरून भागणार नाही, उंचवटे झाकले गेलेच पाहिजेत.

दाढ मुळात अशक्त झाली ती त्या जुन्या पोकळीने, हेही लक्षात घ्या. "रूट कॅनॉल केलं की दात ठिसूळ होतो" असं लोक सरसकट म्हणतात. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे मोजलं होतं. रूट कॅनॉलसाठी पाडलेल्या छिद्राने दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्केच कमी झाला, पण पुढची-मागची दोन्ही कडा खाऊन गेलेल्या मोठ्या पोकळीने सुमारे ६३ टक्के. चांदी दाताला चिकटत नाही, ती खड्ड्यात नुसती बसलेली असते, त्यामुळे उरलेल्या भिंतींना ती आधार देत नाही. तुमची बट्टी निमित्त झाली. खालच्या दाढांचा जिभेकडचा उंचवटाच बहुधा आधी जातो.

बांधल्यावरही खात्री शंभर टक्के नसते. अशा चिरलेल्या, पण नस बरी असलेल्या दाढांना कॅप बसवल्यावर साधारण पाचातल्या एकीला पुढच्या सहा महिन्यांत रूट कॅनॉल करावंच लागलं, असं एका अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे चारींची नस वाचते. म्हणून मी एकदम पक्की कॅप करत नाही. आधी स्टीलची पट्टी किंवा तात्पुरती कॅप बसवून दोन-चार आठवडे बघते. भाकरी चावून कळ गेली, गार पाणी सोसलं, तर पक्की कॅप. कळ रेंगाळू लागली तर रूट कॅनॉल, आणि मग पक्की कॅप.

रूट कॅनॉलची वेळ आलीच तर घाबरू नका. बधिर करून आतली बिघडलेली नस काढायची, नळ्या साफ करून भरायच्या. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या असतात, कधी चारही. एक ते तीन बैठका. काम चालू असताना दाढेभोवती रबराचा पडदा लावतात का ते विचारा. थुंकी आत गेली तर सगळी मेहनत वाया. आणि रूट कॅनॉल झालं की "आता दुखत नाही" म्हणून कॅप टाळू नका. चिरलेली दाढ न दुखताही फुटते, आणि तेव्हा सांगणारी नस आत नसते.

आता काढायची कधी? चिरेने दाढ दोन भागांत फुटून ते भाग वेगळे हलत असतील, किंवा चीर तळातून मुळात उतरली असेल, किंवा त्या अरुंद जागी सळई खोल जात असेल, तर दाढ ठेवण्यात अर्थ नसतो. ठेवली तर हाड झिजत जातं आणि पुढे नवा दात बसवायलाच जागा उरत नाही. तेव्हा मीही काढाच म्हणेन. तुकडा हिरडीखाली तुटला असेल तर मात्र लगेच हार मानू नका. कॅपला पकडायला हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर चांगला दात लागतो. तेवढा नसेल तर हिरडी आणि थोडं हाड कापून कड उघडी करता येते. तुम्हाला तुकडा हातात आल्याचं आठवतं. तिथे जीभ लावून बघा, कड हिरडीच्या वर लागते की खाली, ते डॉक्टरांना सांगा.

स्क्रूच्या दाताबद्दल माझं मत विचारलं नाहीत, पण सांगते. इम्प्लांट हा गेलेल्या दाताचा फार चांगला पर्याय आहे. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे स्क्रू बसवले, तेव्हापासून हा उपाय काळाच्या कसोटीला उतरला आहे. पण तो गेलेल्या दाताचा पर्याय आहे, वाचू शकणाऱ्या दाताचा नाही. आपल्या दाताभोवती एक पातळ पडदा असतो, त्यामुळे भाकरीत बारीक कच आली तरी कळते. स्क्रूला तो पडदा नसतो. शिवाय हाडात मुरायला तीन ते सहा महिने जातात आणि खर्च बहुतेक ठिकाणी रूट कॅनॉल-कॅपहून जास्त येतो. तुमची दाढ वाचत असेल तर तो पैसा मुलाच्या फीला जाऊ दे.

आता दिवाळीचं. ताई, सहा महिने असंच थांबणं मला मान्य नाही. रोज भाकरी चावायची म्हटली की चीर रोज थोडी पुढे सरकते, आणि ज्या दाढेला आज कॅप पुरेशी आहे तिला दिवाळीत रूट कॅनॉल लागेल, किंवा तीही वेळ गेलेली असेल. पण सगळे पैसे आज हवेत असंही नाही. काम दोन टप्प्यांत करा. आत्ता फक्त जुनी चांदी काढून चीर बघायची, वरून उंचवटे झाकणारं पांढरं मटेरियल चिकटवायचं किंवा स्टीलची पट्टी चढवायची, आणि वरच्या दाताचा दाब त्यावर कमी येईल असं किंचित घासायचं. यात खर्चाचा लहान भागच येतो. पक्की कॅप मग जमेल तशी, पण दिवाळीपर्यंत ताणू नका, दोन-तीन महिन्यांत करा.

आणि पक्की कॅप करताना दातासारख्या रंगाच्या महागड्या कॅपचा आग्रह धरू नका. ती मागची दाढ आहे, हसताना दिसतही नाही. संपूर्ण धातूची कॅप तिला उत्तम बसते: दात कमी घासावा लागतो, फुटत नाही, आणि स्वस्तही पडते. बायका माझ्याकडे येऊन हळूच विचारतात, "धातूची म्हणजे हलकी का?" हलकी नाही. माझ्या आईच्या दाढेला मी धातूचीच बसवली आहे.

दोन टप्प्यांतही पैसे झेपत नसतील तर पारोळ्याहून धुळं लांब नाही. तिथे दंत महाविद्यालय आहे; छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, दोन-तीन फेऱ्या वाढतात, पण दर खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतो आणि काम नीट होतं. सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या वेळेला पोहोचा, एक्स-रे बरोबर ठेवा, आणि "चिरलेली दाढ, सोडताना कळ" हेच शब्द वापरा.

मिसरी मात्र लावू नका. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, त्यांच्या वयाच्या बायकांना दातदुखीवर तेवढंच माहीत होतं. पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती बधिर करते म्हणून बरं वाटतं, पण हिरडी जाळते, आणि तोंडाच्या कॅन्सरचं कारण आहे. शक्य झालं तर त्यांचीही मिसरी हळूहळू सोडवा, आणि तोंडात न भरणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर त्यांना दाखवून आणा. लवंगेचं तेल एक थेंब कापसावर चालेल, रोज भरपूर नको. ॲस्पिरिनची गोळी हिरडीशी धरून ठेवू नका, भाजतं. तुटलेल्या कडेने जीभ घासत असेल तर मेडिकलमध्ये दातांच्या तारांसाठीचं मेण मिळतं, त्याची गोळी करून चिकटवा. डावीकडून चावा. बट्टी, बिबड्या, भाजलेल्या शेंगा या बाजूने नको. कळण्याची भाकरी खा, पण वरणात मऊ करून.

अँटिबायोटिक स्वतःहून घेऊ नका, चिरेला त्याचा उपयोग नाही. पण जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळताना त्रास होऊ लागला किंवा ताप चढला, तर कुणाची वाट न बघता त्याच दिवशी धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि गळ्याकडे उतरू शकतो, आणि तेव्हा तास मोजावे लागतात.

आता तुमच्या भाच्याबद्दल, आणि हे तुम्ही शेवटी लिहिलं असलं तरी माझ्या मते आज सगळ्यात आधी करायचं काम हेच आहे. वहिनींनी तुकडा जपून ठेवला, फार चांगलं केलं. बहुतेक घरांत तो केरात जातो. नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात पक्का असतो, पण त्याचं मूळ अजून पूर्ण झालेलं नसतं, म्हणून आतली नस जिवंत ठेवणं या वयात फार मोलाचं आहे. ती जगली तर मूळ पूर्ण वाढेल.

दातात मध्यभागी गुलाबी किंवा लाल ठिपका दिसतो का, उजेडात बघा. दिसत असेल तर नस उघडी पडली आहे. तिचा वरचा थोडाच भाग काढून औषध ठेवतात, बाकी नस बहुधा वाचते. पूर्ण रूट कॅनॉल करावं लागत नाही, तेही कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. ठिपका नसेल तर तुकडाच परत चिकटवता येतो, त्याच रंगाचा, त्याच आकाराचा, आणि जोड सहज ओळखू येत नाही. इतके दिवस कागदात वाळून गेला तरी चालतो, फक्त चिकटवण्याआधी तो पाण्यात भिजवावा लागतो, नाहीतर पांढरट दिसतो आणि नीट धरत नाही. दात हलत असेल, रंग राखाडी होत असेल, किंवा वर हिरडीवर फोड आला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि चिकटवून झालं की सहा-आठ आठवड्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढून नस जिवंत आहे ना बघून घ्यायला विसरू नका. मुलं दुखत नाही म्हणून सांगत नाहीत.

वहिनींना आत्ताच फोन करा. कागदाची पुडी उघडून तुकडा झाकणाच्या डबीत स्वच्छ पाण्यात ठेवायला सांगा, आणि उद्या सकाळी भाच्याला त्या डबीसकट दवाखान्यात घेऊन जा.